आधी जाड पाइप

गॅरेजांच्या त्या गल्लीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे थर्मामीटर म्हणत. गाडीच्या एसीचा मिस्त्री होता तो, आणि तीस वर्षं एकाच गोष्टीच्या जिवावर तोऱ्यात जगला होता. पाइपवर हात ठेवायचा आणि किती डिग्री ते सांगायचं. चुकला तर एखाद्या डिग्रीने, तेही वर्षातून एकदा. गेज लावणं, नळ्या जोडणं, काटे बघणं हे त्याच्या लेखी हात नसलेल्या माणसांचे उद्योग होते, आणि हे मत तो मनात ठेवत नसे. धाकटा भाऊ शेजारी वाकून गेज जोडत असायचा, नेमका तेव्हाच हा गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या धाकट्याला गाडीची नाडी सापडत नाही ना, म्हणून घड्याळं लावून बसतो." गिऱ्हाईक हसायचं. धाकटाही हसायचा. वीस वर्षं हसत होता बिचारा, तोंड दुखलं नसेल तर नवल.

आणि दीड वर्षापूर्वी या थर्मामीटरची बोटं मेली.

मेली म्हणजे जागच्या जागी होती, हलत होती, नट फिरवत होती. पण त्यांना काही कळेनासं झालं. साखरेचं दुखणं जुनंच होतं. ते आधी पायाच्या अंगठ्यात शिरलं, मग हाताच्या बोटांच्या टोकांत, मग तळव्यात मुंग्या आल्या, आणि एक दिवस त्या मुंग्याही गेल्या. चहाचा कप गरम आहे की गार, हे ओठाला लागल्यावर कळायचं. डॉक्टर म्हणाला, गरम वस्तूंपासून लांब राहा, हे काम आता सोडा. हा मान डोलावून हो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गॅरेजमध्ये हजर.

हे एकट्या बायकोला ठाऊक होतं. ती त्याची नखं कापायची, आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचा हात घालून बघायची, आणि रोज रात्री जेवण झालं की त्याचे दोन्ही पंजे दिव्याखाली धरून कुठे कापलंय, कुठे भाजलंय ते शोधायची. सापडायचंच काहीतरी. "अहो, पुरे करा आता," ती म्हणायची. "धाकट्या भावोजींना सांगून टाका आणि घरी बसा." घरी बसा म्हटलं की याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी बसलेला माणूस कसा असतो हे त्याने स्वतःच्या बापाच्या रूपाने पाहिलं होतं. म्हातारा दिवसभर खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजायचा, आणि जेवायला हाक आली की कुणी न विचारता आकडा सांगायचा. घरातले "बरं" म्हणायचे. त्या "बरं"ची याला मरणाची भीती होती. तो बायकोला म्हणाला, "धाकट्याच्या कानावर हे गेलं तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही." ती गप्प बसली.

मग काम चालायचं कसं? अहो, चालायचं. बनेल होता तो. पाइपवर दव धरलंय का ते लांबून बघायचा. मान खाजवल्यासारखं करून गाल पाइपजवळ न्यायचा. आणि कान तर त्याचे असे, की कॉम्प्रेसर किती सेकंदांनी टक्कन लागतो आणि किती सेकंदांनी सुटतो यावरूनच निम्मी गाडी त्याला कळायची. उरलेली निम्मी अनुभवाने. बाहेर ऊन किती, गाडी कुठली, किती वेळ चालू आहे, याचा हिशेब मनात मांडायचा, आणि मग हात नुसता देखाव्यापुरता ठेवून आकडा फेकायचा. बहुतेक वेळा बरोबर यायचा. दोन-तीनदा मात्र सपशेल तोंडावर पडला. एक गाडी तीन वेळा परत आली. तिसऱ्या वेळी धाकट्याने काही न बोलता गेज लावले, गळती शोधली आणि गाडी लावून दिली. पण त्या दिवसापासून तो दादाच्या हातांकडे बघायला लागला.

आता त्या गॅरेजमधला खेळ सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुपारी काम मंद असलं की थर्मामीटरच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं, चालू गाडीच्या बॉनेटखाली त्याचा हात धरून न्यायचा, पाइपवर ठेवायचा आणि विचारायचं, किती? मग खरा थर्मामीटर लावून पडताळा बघायचा. समोरचा डेंटर, पत्रे ठोकणारा माणूस, हातातला हातोडा टाकून हे बघायला यायचा. एसीला दोन पाइप असतात. जाड पाइप गार, बारीक पाइप गरम. म्हणून खेळाचा नियम पक्का होता: आधी जाड पाइप. त्यावर हात ठेवून हवा तेवढा वेळ घ्यायचा, थोडं नाटक करायचं. मग बारीक. तिथे नुसती टिचकी, कारण तो चटका देतो. वीस वर्षांत हा क्रम कधी बदलला नव्हता. बोटं गेल्यावरही तो चार वेळा हा खेळ खेळला होता. जाड पाइपचा आकडा आधीच मनात जुळवून ठेवायचा, आणि बारीकच्या वेळी आपणच "हां, चटका" म्हणून हात मागे घ्यायचा. चारही वेळा जिंकला.

त्या दिवशी ऊन नुसतं आग ओकत होतं. साडेबाराच्या सुमाराला शाळेच्या हेडबाई आल्या. त्यांची गाडी याच्याशिवाय कुणी उघडलेली त्यांना चालत नसे. उतरल्या आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "मिस्त्री, या गाडीला काय झालंय ते तुम्हीच सांगा. पळत असली की गार हवा. सिग्नलला थांबले की भट्टी. शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं उभी राहिले तर मी आत शिजून निघते."

धाकटा गेज घेऊन पुढे आला. हेडबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "तुम्ही नका. त्यांचा हात लागू दे."

थर्मामीटरला काय आनंद झाला सांगू. त्याने बॉनेट उघडलं, गाडी जागेवरच चालू करून एसी लावला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. त्याला हातबित लावायची गरजच नव्हती. रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते, तिच्यातून एसी आपली उष्णता बाहेर टाकतो. गाडी धावत असली की समोरचा वारा ती जाळी निववतो. गाडी थांबली की सगळी मदार तिथल्या पंख्यावर. एसी लावला की त्या पंख्याची घूं ऐकू यायलाच हवी. आली नाही. कॉम्प्रेसर टक्कन लागला, थोडा वेळ कण्हला आणि सुटला. परत लागला. पंखा मुका. झोपेतसुद्धा ओळखलं असतं त्याने.

"बाई, पंखा बंद आहे," एवढं एक वाक्य त्याने तेव्हा बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम. पण नाही. नुसतं कानाने ओळखलं तर त्यात थर्मामीटर कुठे राहिला? आधी हात लावायचा, जरा डोळे मिटायचे, मग रोग सांगायचा, असं त्याला हवं होतं. हौस वाईट.

तेवढ्यात धाकटाच म्हणाला, "दादा, बाईंनी आपला खेळ कधी पाहिला नाही. दाखवू या का?"

धाकट्याने स्वतःहून हा खेळ कधी काढला नव्हता; तो नेहमी डेंटरच काढायचा. "बाईंना घाई असेल," तो म्हणाला.

"कसला खेळ?" हेडबाईंनी विचारलं. डेंटर एव्हाना आलाच होता, त्याने सगळं रंगवून सांगितलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग बघूच. मुलांना सांगायला होईल."

आता माघार कशी घेणार? त्याने मनातल्या मनात मांडणी केली. बाहेर अडतीस. गाडी जागेवर. पंखा बंद, म्हणजे जाड पाइप नेहमीसारखा बर्फ नसणार. बाई नुकत्याच चालवत आल्या आहेत, म्हणजे अगदी गरमही नसणार. बावीस? नाही. तेवीस. आकडा पक्का झाल्यावर त्याला बरं वाटलं. त्याने स्वतःच फडकं घेतलं, डोळ्यांवर धरलं आणि धाकट्याकडे पाठ केली. धाकट्याने मागून गाठ मारली.

अंधार झाला. इंजिनाचा आवाज जवळ आला. धाकट्याने त्याचा हात मनगटाच्या वर धरला होता. तिथवर त्याला अजून कळत होतं. हात पुढे गेला, थोडा खाली गेला आणि थांबला.

"ठेवला बघ," धाकटा म्हणाला. "सावकाश सांग. घाई नाही."

थर्मामीटरने मान जरा तिरकी केली. हे तो नेहमी करायचा, बघणाऱ्यांना आवडतं. मनात पाचपर्यंत मोजलं.

"तेवीस," तो म्हणाला.

कुणी काही बोललं नाही. त्याला ती शांतता सुखाची वाटली. बाई चाट पडल्या असणार, असं त्याला वाटलं.

"नक्की?" धाकट्याने विचारलं.

"तेवीस. फार तर चोवीस." आणि तो रंगात आला. हात तसाच ठेवून, ज्या दिशेला हेडबाई असाव्यात तिकडे तोंड करून सांगायला लागला, "बघा बाई, हा पाइप खरं तर गार लागायला हवा. दहा-बारा. हा कसा लागतोय? कोमट. म्हणजे गॅस आहे, पण निवत नाही. आता का निवत नाही, ते सांगतो."

बोलता बोलता त्याच्या नाकाला वास आला. त्याने नाक वर करून हुंगलं. नाकही त्याचं तरबेज होतं. वायरचा प्लास्टिकचा वास वेगळा, बेल्टचा रबरी वेगळा. हा तिसराच होता.

"काहीतरी जळतंय," तो म्हणाला. "वायरिंग बघ रे धाकट्या. कुठेतरी टेकलंय काहीतरी."

"हात काढा," हेडबाईंचा आवाज फाटला होता. "अहो, त्यांचा हात काढा कुणीतरी."

थर्मामीटरला क्षणभर कळेना, कुणाचा हात. मग मनगटाच्या वरची पकड सुटली. त्याने हात मागे घेतला तर तो जरा चिकटल्यासारखा, ओढल्यासारखा आला. दुसऱ्या हाताने त्याने फडकं खाली ओढलं.

समोर बारीक पाइप होता. कॉम्प्रेसरच्या अगदी तोंडाशी, जिथे तो सगळ्यात जास्त तापतो. पंखा बंद, गाडी जागेवर, म्हणजे त्या तुकड्यावर पाणी शिंपडलं असतं तर चर्र झालं असतं. पाइपवर कातडीची एक पातळ पट्टी राहिली होती आणि तिच्या कडा काळ्या पडत होत्या. त्याने तळवा उलटून पाहिला. मधोमध पांढरा आणि भोवती लाल असा पट्टा. दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसा तो बघत राहिला.

हेडबाई तोंड फिरवून उभ्या होत्या. धाकटा जागचा हलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण घाबरलेलाही दिसत नव्हता. एखादं अवघड काम हातावेगळं झालं की दिसतं तसं काहीतरी होतं.

आणि थर्मामीटर काय म्हणाला? माणसाची खोड बघा. तो म्हणाला, "जाड पाइपला थर्मामीटर लाव."

"दादा, हात पाण्याखाली धर आधी."

"लाव म्हणतो ना."

धाकट्याने लावला. काटा थांबेपर्यंत सगळे उगाचच थांबले. "चोवीस," धाकटा म्हणाला.

"एकच डिग्री चुकली," थर्मामीटर म्हणाला आणि त्याने हेडबाईंकडे पाहिलं. त्या अजून पाठमोऱ्याच होत्या. "आणि पंखा बंद आहे. म्हणून थांबल्यावर गरम येते. त्याला वीज सोडणारा रिले बघा, नाहीतर मोटर गेली असेल. बाई, ऐकलंत का, पंखा." बाईंनी मान हलवली, पण ती ऐकल्याची नव्हती. डेंटरने त्याला खांद्याला धरून नळापाशी नेलं.

चार दुकानं सोडून दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरने जखम धुतली, मलमपट्टी केली, मग सुई घेऊन बोटांपासून वर टोचत गेला आणि विचारत गेला, कळतंय का? मनगट येईपर्यंत थर्मामीटर नाही नाही म्हणत होता. डेंटर बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळणार, हे उघड होतं.

तो परत आला तर गॅरेजच्या मागच्या खोलीत बायको बसलेली. टेबलावर जेवणाचा डबा होता. ती रोज एकला डबा घेऊन यायची, त्यामुळे त्याला काही वेगळं वाटलं नाही. तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि दारात उभ्या असलेल्या धाकट्याकडे मान वर केली.

"भावोजी, परीक्षा गार पाइपवर घ्यायची असं आपलं ठरलं होतं," ती म्हणाली.

थर्मामीटरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

धाकटा दाराच्या चौकटीला टेकला. "गार पाइपने काय झालं असतं, वहिनी? तो हाताने सांगतच नाही. मोजून सांगतो, डोक्याने. चार वेळा मी बघितलं. आजही बरोबरच होतं की त्याचं, एक डिग्री इकडे-तिकडे." मग तो भावाकडे वळला. "दादा, सोमवारपासून येऊ नकोस. दुकानातला हिस्सा तुझा तुला राहील, त्याची काळजी नको. पण इथे येऊ नकोस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"धरून ठेवलास तू," थर्मामीटर म्हणाला.

"हो."

"किती वेळ?"

"तू बोलत होतास तोवर," धाकटा म्हणाला आणि बाहेर गेला. हेडबाईंच्या गाडीची मोटरच गेली होती. नवी त्याने जवळजवळ बसवत आणली होती.

खोलीत दोघंच राहिली. बायकोने डबा उघडला, घास केला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही. घास हातात धरून ती तशीच बसून राहिली.

"तू सांगितलंस त्याला."

"सांगितलं. दीड वर्ष मिठाची गुळणी धरून बसले होते. मागच्या महिन्यात तुमचं नख निघून आलं, तुम्हाला पत्ता नाही. माझ्याच्याने आता ते रोज रात्री हात बघणं होत नाही."

"मग आज तू इथे आलीस कधी?"

"मी होतेच इथे," ती म्हणाली. "भावोजींनी फडकं बांधलं तेव्हा दारातून आत आले. तुमच्या मागे उभी होते."

"म्हणजे तू बघितलंस."

"बघितलं."

"कुठल्या पाइपवर ठेवला ते कळलं तुला?"

"मिस्त्रीच्या घरात तीस वर्षं काढलीत मी. जाड कुठला, बारीक कुठला एवढं कळतं."

बाहेर धाकट्याने गाडी चालू करून बघितली. पंख्याची घूं स्पष्ट ऐकू आली, भरीव, नव्या मोटरची. गाडी बंद झाली.

"मग ओरडली का नाहीस?" त्याने विचारलं. "एक शब्द बोलली असतीस."

"बोलले असते तर तुम्ही लगेच हात काढला असता," ती म्हणाली. "हसून वेळ मारून नेली असती, आणि उद्या सकाळी नऊला परत इथे आला असता."

तिने घास पुन्हा त्याच्या तोंडापाशी नेला. यावेळी त्याने तोंड उघडलं. भात गरम होता की गार, ते त्याला जिभेवर आल्यावर कळलं.